पुलाला छप्पर कशासाठी? ओल्ड ब्लेनम पुलाची १५६ वर्षांची गोष्ट

तारीख होती २८ ऑगस्ट २०११. अमेरिकेच्या ईशान्य भागात आयरीन वादळाचा पाऊस कोसळत होता. व्हर्मांट राज्यातल्या बार्टन्सव्हिल नावाच्या छोट्या गावात एका रहिवाशाने पुराचं दृश्य कॅमेऱ्यात टिपलं. घरासारखं छप्पर असलेला एक लांबलचक लाकडी पूल एका बाजूने खचतो, पाण्यात बसतो आणि अख्खाच्या अख्खा वाहून जातो. काही सेकंदांचा तो व्हिडिओ पुढे जगभर फिरला.

त्याच दिवशी शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात असाच आणखी एक पूल गेला. तो बार्टन्सव्हिलच्या पुलापेक्षा जुना होता, मोठा होता आणि इंजिनीअरिंगच्या इतिहासात जास्त नावाजलेला होता. त्याचं नाव ओल्ड ब्लेनम पूल. लाकडाचा हा पूल एकाही मधल्या खांबाशिवाय नदीवर १५६ वर्षं उभा होता.

हा पूल इतकी वर्षं टिकला कसा आणि एका दिवसात गेला कसा, हे समजून घ्यायचं तर आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. पुलाला छप्पर मुळात घालतातच कशाला?

थोडक्यात माहिती

- ठिकाण: नॉर्थ ब्लेनम, स्कोहॅरी काउंटी, न्यूयॉर्क राज्य, अमेरिका
- नदी: स्कोहॅरी क्रीक
- बांधकाम: १८५५
- बांधणारा: निकोल्स पॉवर्स, व्हर्मांट
- एकूण लांबी: २३२ फूट (सुमारे ७१ मीटर)
- दोन काठांमधला मोकळा गाळा: सुमारे २१० फूट (६४ मीटर)
- रस्ता: दुपदरी
- वाहून गेला: २८ ऑगस्ट २०११
- त्याच जागी नवा पूल: २०१८

छप्पर माणसांसाठी नव्हतं

छपराचे पूल पाहिले की लोक वेगवेगळे अंदाज बांधतात. पावसात आडोसा मिळावा म्हणून. थंडीत रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून. खालचं पाणी बघून घोडे बुजू नयेत म्हणून. घोड्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य असेलही, पण बर्फाचं म्हणणं अगदी उलटं आहे. त्या काळी हिवाळ्यात लोक बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाड्यांनी, म्हणजे स्लेजने प्रवास करायचे. छपरामुळे पुलाचा रस्ता कोरडा राहायचा आणि कोरड्या फळ्यांवर स्लेज अडकायची. म्हणून कित्येक गावांत हिवाळ्यात माणसं लावून पुलाच्या आत बर्फ आणून पसरावा लागायचा!

खरं कारण लाकूड हे आहे. छप्पर पुलावरून जाणाऱ्यांसाठी नव्हतं, ते खुद्द पुलासाठी होतं.

कोरडं लाकूड शेकडो वर्षं टिकतं. त्याचा घात होतो तो वारंवार भिजण्याने. दोन लाकडं जिथे जोडली जातात, तिथे फटीत पाणी शिरतं आणि लवकर वाळत नाही. लाकडाचं कापलेलं टोक तर पाणी शोषूनच घेतं. मग तिथे बुरशी धरते आणि लाकूड आतून मऊ पडत जातं. पुलात असे सांधे शेकड्यांनी असतात, आणि पुलाची सगळी ताकद त्या सांध्यांवरच अवलंबून असते.

कोकणातलं जुनं कौलारू घर ज्यांनी सांभाळलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कौलं शाकारलेली असतील तर आढं आणि वासे दोन-तीन पिढ्या जातात. एक कौल फुटलं आणि वेळेत बदललं नाही, तर नेमका त्याच्या खालचा वासा कुजतो. ओढ्यावरच्या लाकडी साकवाला असं छप्पर नसतं, त्यामुळे त्याची डागडुजी कायमची मागे लागलेली असते.

उघड्यावरचा मोठा लाकडी पूल साधारण दहा ते वीस वर्षांत धोकादायक व्हायचा. तोच पूल वरून छप्पर आणि बाजूने फळ्या मारून झाकला की शंभर वर्षं सहज ओलांडायचा. हिशेबही सोपा होता. छपराच्या आणि बाजूच्या फळ्या स्वस्त, त्या खराब झाल्या की काढून नव्या मारता येतात. आतली मोठी लाकडं महाग, आणि ती बदलायची म्हणजे पूल जवळजवळ पुन्हा बांधायचा. स्वस्त वस्तू भिजवून महाग वस्तू कोरडी ठेवायची, एवढीच यामागची युक्ती.

ही कल्पना आली कुठून?

छपराचे पूल अमेरिकेने शोधलेले नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न शहरातला कापेलब्र्युके हा छपराचा लाकडी पादचारी पूल चौदाव्या शतकातला. अठराव्या शतकात तिथल्याच ग्रुबेनमान कुटुंबातल्या सुतार भावांनी मोठमोठे लाकडी पूल बांधले. चीनच्या डोंगराळ भागातही छपराचे पूल शतकानुशतकं बांधले जात आले आहेत. तिथे ते रस्त्याचं काम करतात आणि बसाय-बोलायच्या जागेचंही.

अमेरिकेत याची सुरुवात फिलाडेल्फियापासून धरतात. तिथे श्कूलकिल नदीवर टिमोथी पामर या कारागिराने मोठा लाकडी पूल उभारला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स हे न्यायाधीश होते. एवढा खर्च करून बांधलेला पूल झाकून टाकावा, असा त्यांचा आग्रह. १८०५ मध्ये पूल पूर्ण झाला तो छपरासकट. त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. जंगलं भरपूर होती, नद्या भरपूर होत्या, सुतारही होते, आणि पुलासाठी लागणारं लोखंड महाग होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दहा हजारांहून जास्त छपराचे पूल झाले असावेत, असा अंदाज सांगितला जातो. आज त्यातले हजारसुद्धा उरलेले नाहीत.

आपल्यातल्या अनेकांनी असा पूल पहिल्यांदा पाहिला तो सिनेमात. क्लिंट ईस्टवुड आणि मेरिल स्ट्रीप यांचा १९९५ चा ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ ज्या पुलांभोवती फिरतो, ते आयोवा राज्यातले याच जातीचे पूल.

ब्लेनमची गरज आणि पॉवर्सचा पूल

ऑल्बनी या न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीपासून नैर्ऋत्येला गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर नॉर्थ ब्लेनम हे गाव आहे. गावाला लागून स्कोहॅरी क्रीक वाहते. ‘क्रीक’ म्हणजे ओढा, पण नावावर जाऊ नका. कॅटस्किल डोंगरांत उगम पावून उत्तरेकडे मोहॉक नदीला मिळणारी ही चांगली नदी आहे, आणि डोंगरातल्या पावसाने ती बघता बघता फुगते.

इथे पूल बांधण्यासाठी १८२८ मध्ये ब्लेनम ब्रिज कंपनीला राज्याची सनद मिळाली. त्या काळी सरकारने पूल बांधून देण्याची पद्धत क्वचितच होती. गावकरी आणि व्यापारी भागभांडवल जमवायचे, कंपनी पूल बांधायची आणि टोल घेऊन खर्च वसूल करायची.

१८५५ च्या पुलासाठी व्हर्मांटहून निकोल्स पॉवर्सला बोलावण्यात आलं. त्याचा जन्म १८१७ चा, म्हणजे तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. तो काही कॉलेजात शिकलेला इंजिनीअर नव्हता. विशीपासून पूल बांधत हात बसलेला सुतार होता.

पुरात लाकडं, ओंडके, बर्फाचे तुकडे वाहत येतात आणि मधल्या खांबांवर आदळतात. पुलाचा खांब हलला की पूल गेला. पॉवर्सने खांबच नको असं ठरवलं. एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर, २१० फुटांचा एकच गाळा, आणि तोही दोन गाड्या शेजारून जातील एवढा रुंद. लाकडात एवढी झेप त्या काळी फार थोड्यांनी घेतली होती.

आतली रचना: तीन कैच्या आणि एक कमान

लाकडी पुलाची खरी ताकद छपरात नसते आणि फळ्यांतही नसते. ती असते दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या चौकटींत. इंग्रजीत त्याला ट्रस म्हणतात, आपले सुतार छपराला ‘कैची’ घालतात ती त्याच कुळातली.

कैचीचं मर्म त्रिकोणात आहे. चार काठ्यांची चौकट करून कोपऱ्यात एकेक खिळा ठोका आणि बाजूने ढकला, चौकट लगेच तिरकी होते. तीन काठ्यांचा त्रिकोण करून ढकला, तो हलत नाही. काठी मोडल्याशिवाय किंवा सांधा सुटल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. म्हणून कैचीत चौकटींमध्ये तिरके दांडे घालून तिचे त्रिकोण करतात. पुलावर वजन आलं की वरची लांब तुळई दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि तिरके दांडे ते वजन हळूहळू दोन्ही काठांकडे पोचवतात.

पॉवर्सने यासाठी स्टीफन लाँग यांची पद्धत वापरली. लाँग हे अमेरिकी लष्करातले इंजिनीअर आणि शोधप्रवासी होते. कोलोरॅडोतलं लाँग्ज पीक हे शिखर त्यांच्याच नावाचं. १८३० मध्ये त्यांनी पुलाच्या कैचीचं पेटंट घेतलं. त्यांच्या रचनेत प्रत्येक चौकटीत फुलीसारखे उलटसुलट तिरके दांडे असतात आणि काही सांध्यांत लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. पाचर ठोकली की सगळी चौकट आधीच आवळून बसते. ढिली झालेली बाज दोरी ओढून ताठ करावी, तसा हा प्रकार. त्यामुळे गाडी पुलावर चढली की सांधे खुळखुळत नाहीत. काळाने लाकूड आकसलं तर पाचर पुन्हा ठोकून पूल ताठ करता येतो.

दुपदरी रस्त्यासाठी पॉवर्सने अशा तीन कैच्या उभ्या केल्या. दोन कडेला आणि एक मधोमध. त्यामुळे आत गेलं की दोन वेगळे बोगदे दिसायचे, एक जाण्याचा आणि एक येण्याचा.

मधल्या कैचीला दोन्ही बाजूंच्या रस्त्यांचा भार सोसायचा होता, म्हणून ती कडेच्या कैच्यांपेक्षा उंच, थेट छपराच्या आढ्यापर्यंत नेली. शिवाय तिच्यात एक भली मोठी लाकडी कमान बसवली. ही कमान काठावरच्या दगडी बांधकामातून, रस्त्याच्या पातळीखालून सुरू व्हायची, वर चढत मध्यावर छपराच्या टोकाला पोचायची आणि पुन्हा दुसऱ्या काठाला उतरायची.

कमान कशासाठी? एवढ्या लांब पुलाला सगळ्यात मोठं ओझं गाड्यांचं नसतं, ते त्याच्या स्वतःच्या वजनाचं असतं. गाळा जितका लांब, तितकं लाकूड जास्त, आणि लाकूड जास्त तितकं पेलायचं वजन जास्त. कमान त्यातला वाटा उचलते आणि तो सरळ दगडी आधारावर नेऊन ठेवते. पुलात पाइन आणि ओक दोन्ही लाकडं होती.

आणखी एक अडचण होती. दोनशे फूट लांबीचं झाड कुठून आणणार? म्हणून खालची ताणली जाणारी तुळई अनेक लाकडांची केलेली असते. लांब लाकडं शेजारी शेजारी ठेवायची, आणि एकाचा जोड येतो तिथे शेजारचं लाकूड अखंड राहील अशी त्यांची मांडणी करायची. सगळे जोड एका रेषेत आले तर पूल तिथेच तुटेल. वीट रचताना गवंडी सांधमोड करतो, तोच विचार इथे लाकडात आहे.

छपरावर बसलेला पॉवर्स

असं सांगतात की पॉवर्सने पूल आधी जमिनीवर जुळवून पाहिला, मग सुटा केला आणि नदीवर पुन्हा उभा केला. हे खर्चिक प्रकरण बघून गावातल्या टीकाकारांनी त्याला ‘पॉवर्सचा वेडेपणा’ म्हणायला सुरुवात केली होती.

पूल बांधताना त्याला खालून तात्पुरत्या लाकडी घोड्यांचा टेकू दिलेला असतो. तो टेकू काढण्याचा क्षण सगळ्यात कठीण. त्या क्षणापर्यंत पूल स्वतःच्या बळावर उभा राहिलेलाच नसतो. ब्लेनममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की टेकू काढायच्या वेळी पॉवर्स छपराच्या मधोमध जाऊन बसला. पूल पडला तर मीही त्याच्याबरोबर जाईन, असं तो म्हणाला म्हणे. गोष्टीत तिखटमीठ किती हा भाग निराळा, पूल मात्र पडला नाही.

पॉवर्सने नंतरही पूल बांधले. व्हर्मांटमधल्या श्रूजबरी इथला १८८० चा ब्राऊन पूल त्याचाच. तो आजही उभा आहे आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेला आहे.

रस्त्यावरून स्मारकाकडे

पुढची पाऊणशे वर्षं ब्लेनमच्या पुलावरून घोडागाड्या, गुरं, गवताच्या गाड्या आणि शेवटी मोटारी गेल्या. छपराच्या पुलांवर घोडे पळवायला साधारण बंदी असायची. न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मांटला जोडणाऱ्या कॉर्निश-विंडसर पुलावर घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा, अशी पाटी आजही आहे. घोड्यांच्या एकसारख्या टापांनी पूल हादरतो, ही भीती त्यामागे होती.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी पोलादी पूल झाला आणि १९३२ पासून जुन्या पुलावरची वाहनं बंद झाली. इथे बहुतेक छपराच्या पुलांची गोष्ट संपते. नवा पूल झाला की जुना पाडायचा, लाकूड विकायचं किंवा जाळून टाकायचं. ब्लेनमचा पूल मात्र काउंटीने ऐतिहासिक वस्तू म्हणून राखला. १९६४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. जगातल्या सगळ्यात लांब एका गाळ्याच्या छपराच्या लाकडी पुलांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं. लोक तिथे सहलीला यायचे, फोटो काढायचे.

त्याच नदीवरचा काँक्रीटचा पूल

याच स्कोहॅरी क्रीकवर, खाली जिथे ती मोहॉक नदीला मिळते त्या भागात, न्यूयॉर्क थ्रूवे या महामार्गाचा पूल होता. १९५० च्या दशकातला, काँक्रीट आणि पोलादाचा. ५ एप्रिल १९८७ रोजी वसंतातल्या पुरात त्याचा एक खांब कोसळला, पाठोपाठ रस्ता नदीत गेला. पाच वाहनं खाली पडली आणि १० जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत कारण निघालं ते पायाखालची माती धुपण्याचं. वेगाने वाहणारं पाणी खांबाशी भोवरा करतं आणि तळाची वाळू-माती उकरून नेतं. वरून पूल धडधाकट दिसतो, खाली त्याचा पाया अधांतरी झालेला असतो. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांचे पाण्याखालचे पाये तपासण्याचे नियम कडक झाले.

तेव्हा १३२ वर्षांचा असलेला ब्लेनमचा लाकडी पूल त्या पुरातून वाचला. यावरून लाकूड काँक्रीटपेक्षा भारी असा अर्थ काढायचा नाही. पण पूल कशाचा आहे यापेक्षा नदी त्याच्या पायाशी काय करते हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो, हे या नदीने दाखवून दिलं.

२८ ऑगस्ट २०११

चोवीस वर्षांनी आयरीन आलं. न्यूयॉर्कपर्यंत येता येता चक्रीवादळाचा जोर ओसरला होता, पण त्यात पाणी अफाट होतं. कॅटस्किल डोंगरांत काही ठिकाणी एका दिवसात दहा इंचांहून अधिक पाऊस पडला. ब्लेनमच्या वरच्या बाजूला असलेल्या गिल्बोआ धरणावरून पाणी धो धो वाहू लागलं. नदी पुलाच्या तळापर्यंत चढली.

पुलाला अशा वेळी दोन गोष्टी मारक ठरतात. पहिली म्हणजे बाजूच्या फळ्या. एरवी पावसाला अडवणाऱ्या फळ्यांची एक २३२ फूट लांब भिंत तयार झालेली असते, आणि पाणी तिच्यावर आडवं रेटा देतं. दुसरी म्हणजे लाकूड पाण्यावर तरंगतं. पाणी तळाला लागलं की पूल हलका होऊ लागतो. काठावरच्या दगडांवर तो आपल्या वजनाने बसलेला असतो, आणि तेच वजन पाणी उचलू लागतं. वरून पडणाऱ्या पाण्यापासून दीडशे वर्षं जपलेला पूल खालून आलेल्या पाण्याने उचलला आणि नेला. मागे उरले काठावरचे दगडी आधार, आणि खाली नदीकाठी विखुरलेली काही लाकडं.

त्या पुरात स्कोहॅरीच्या खोऱ्यात घरं, दुकानं, शेतीही गेली. लोकांपुढे पुलापेक्षा मोठे प्रश्न होते. तरीही पुलाचा विषय मागे पडला नाही.

पुन्हा बांधायचा का?

बार्टन्सव्हिलमध्ये उत्तर तुलनेने सोपं होतं. १८७० मध्ये सॅनफर्ड ग्रेंजर या कारागिराने बांधलेल्या त्या पुलावरून शेवटच्या दिवसापर्यंत गावाची वाहतूक चालू होती. पूल हवाच होता, प्रश्न एवढाच की काँक्रीटचा की लाकडाचा. गावाने पुन्हा छपराचा लाकडी पूल निवडला आणि जानेवारी २०१३ मध्ये तो खुला झाला.

ब्लेनमचा पेच वेगळा होता. तिथे १९३२ पासून वाहनंच जात नव्हती. ज्या पुलावरून कुणाला कुठे जायचं नाही, त्यासाठी लाखो डॉलर का घालायचे? आपत्तीनंतर मदत देणाऱ्या फेमा या केंद्रीय संस्थेने सुरुवातीला पैसे द्यायला नकार दिला. स्थानिकांनी अपील केलं, पाठपुरावा केला आणि अखेर निधी मंजूर झाला. दोन्ही बाजूंना मुद्दा होता. पुरात घर गेलेल्या माणसाला पुलाचा खर्च खटकणं साहजिक आहे. आणि ज्या गावाची ओळख एका पुलाने होते, तिथे नुसते दगडी आधार रोज बघत राहणंही सोपं नाही.

दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. नवा बांधला तर तो ‘तोच’ पूल म्हणायचा का? वारशाची नोंद करणाऱ्यांचं उत्तर स्पष्ट होतं. दर्जा दिला होता तो १८५५ च्या लाकडांना, पॉवर्सच्या हातच्या कामाला. ते गेलं. २०१५ मध्ये राष्ट्रीय वारसास्थळाचा दर्जा काढून घेण्यात आला.

पण एक गोष्ट वाचली होती. पूल उभा असतानाच त्याची बारकाईने मोजमापं घेऊन नकाशे, फोटो आणि अहवाल करून ठेवलेले होते. अमेरिकेत ऐतिहासिक बांधकामांची अशी नोंद ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम आहे आणि ती कागदपत्रं काँग्रेसच्या ग्रंथालयात जपली जातात. नवा पूल जुन्यासारखा करता आला तो या नोंदींमुळे. तीन कैच्या, मधली कमान, दुपदरी रस्ता, सगळं जुन्या मापाने.

एक बदल मात्र मुद्दाम केला. नवा पूल पूर्वीपेक्षा बराच उंचावर बसवला, पुराचं पाणी तळाला लागू नये म्हणून. २०१७ मध्ये काम सुरू झालं. काठाशेजारी जमिनीवर पूल जुळवला आणि मग सगळा सांगाडा सरकवत नदीवर नेला. २०१८ मध्ये तो जागेवर बसला. या कामावर अमेरिकेतल्या ‘नोव्हा’ या विज्ञानमालिकेने एक भागही केला.

या बांधणीतून आणखी एक गोष्ट मिळाली. दोनशे फुटांची लाकडी कैची जुळवायची कशी, पाचर किती ठोकायची, कमानीला बाक कसा द्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. आजच्या सुतारांना ते हाताने करून पाहावं लागलं. युनेस्कोने २००९ मध्ये चीनच्या लाकडी कमानी पुलांची जी नोंद केली, ती एखाद्या पुलाची नव्हती, ते बांधण्याच्या पारंपरिक कौशल्याची होती. पूल जळू शकतो, वाहू शकतो. बांधता येणारी माणसं असतील तर तो परत उभा राहतो.

छपराच्या पुलांचे बाकीचे शत्रू

पूर हा एकच शत्रू नाही. आगही पूल खाते. लुझर्नचा कापेलब्र्युके १९९३ मध्ये मोठ्या आगीत जळाला आणि पुढच्याच वर्षी दुरुस्त होऊन उघडला. मॅडिसन काउंटीतला सीडर पूल तर दोनदा जाळला गेला, २००२ मध्ये आणि २०१७ मध्ये, आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधला गेला. चीनच्या फुजियान प्रांतातला वानआन पूल ऑगस्ट २०२२ मध्ये आगीत गेला.

तिसरा शत्रू म्हणजे वजन. बार्टन्सव्हिल ज्या रॉकिंगहॅम परिसरात येतं, तिथलाच ग्रेंजरचा दुसरा एक पूल, हॉल पूल, १९८० मध्ये क्षमतेपेक्षा जड ट्रक गेल्याने कोसळला. घोडागाडीच्या काळातला पूल, त्यावर वजनाची पाटी लावलेली असते ती शोभेसाठी नसते.

चौथा शत्रू सगळ्यात शांत असतो. तो म्हणजे छपरातलं छोटंसं भोक. ते वेळेत बुजवलं नाही की आतली तुळई कुजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

कधी पाहायला गेलात तर

न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यांना ब्लेनम एका दिवसात करता येण्यासारखं आहे. असा कोणताही पूल पाहताना बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. आत शिरा आणि या गोष्टी बघा.

- बाजूच्या चौकटीत तिरके दांडे कसे लावलेत ते बघा. फुली दिसली आणि पाचरी सापडल्या तर लाँगची पद्धत असू शकते. जाळीसारख्या तिरक्या फळ्या दाट विणलेल्या असतील तर ती इथिएल टाऊन यांनी १८२० मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. बार्टन्सव्हिलचा पूल त्या जातीचा.
- खालच्या लांब तुळईतले जोड शोधा. शेजारशेजारच्या लाकडांचे जोड एका रेषेत येत नाहीत.
- छपरातून कुठे उजेड दिसतो का ते पाहा. दिसला तर तिथे लवकरच कुणीतरी चढायला हवं.
- काठावर उतरून पुलाचा तळ पाण्यापासून किती उंच आहे ते पाहा.

ब्लेनमला या शेवटच्या गोष्टीसाठी दोन मिनिटं जास्त थांबा. छप्पर तेच आहे, कमान तीच आहे. १५६ वर्षांच्या अनुभवातून बदलली ती फक्त पुलाची उंची.